तिरक्या रेघेपलीकडचं घर

विभागीय रुग्णालयात डिस्चार्जच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला सगळे शिक्केकाका म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. खिडकीला गज, गजांखाली हात जाईल एवढी फट, फटीच्या आत शाईची गादी आणि तीन शिक्के: गोल, चौकोनी आणि तारखेचा. माणूस पुरता बरा झालेला असो की नुसताच घरी पाठवलेला, काकांचा गोल शिक्का उठल्याशिवाय तो फाटकाबाहेर पडत नसे. शिक्का वाकडा उठला तर काका तो कागद बाजूला ठेवून नवा लिहायला घेत. निवृत्तीला अकरा महिने उरले होते, आणि सबंध नोकरीत एका कागदावर खाडाखोड दाखवा, असं ते छाती पुढे काढून सांगत.

त्यांचा दुसरा अभिमान पत्त्यांचा. नोकरीची पहिली सात वर्षं ते निरोप्या होते. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कुणाची ऑपरेशनची तारीख लागली, कुणाचा रिपोर्ट आला, की काका सायकलवर टांग टाकत आणि चिठ्ठी दारात नेऊन देत. सारं शहर आणि आसपासची गावं त्यांनी अशी पालथी घातली होती. पुढं चोवीस वर्षं ते खिडकीत बसले, पण डोक्यातला नकाशा तसाच राहिला. "पत्ता सांगा, घर सांगतो," असं ते म्हणत, आणि सांगतही. कुठल्या घराला किती पायऱ्या, नळ आत की अंगणात, कुत्रं चावतं की नुसतंच भुंकतं. त्यांची बायको म्हणे, "गावभरची दारं तोंडपाठ. स्वतःच्या स्वयंपाकघरात चाळणी कुठं टांगलीय ते मात्र विचारू नका."

दोन वर्षांपूर्वी रुग्णालयात नव्या मुख्य डॉक्टर आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. वयानं काकांच्या मुलीएवढ्या, बोलणं मोजकं, चालणं भरभर. आल्या आल्या त्यांनी एकच प्रश्न लावून धरला. आपण औषध बरोबर देतो, टाके नीट घालतो, मग तोच माणूस महिन्याभरात पुन्हा त्याच खाटेवर कसा? त्यांनी जुनी दप्तरं काढायला लावली, चार माणसं लोकांच्या घरी पाठवली. पायाची जखम चिघळून तीनदा आलेला एक जण दिवसभर पाण्यात उभा राहून कातडी धूत होता. साखरेच्या गोळ्या चुकवणारी बाई आळशी नव्हती. साखरेच्या तपासणीची वेळ आणि तिच्या गिरणीतली पाळी एकच होती. दम्यानं बेजार झालेल्या एका मुलीच्या उशाशी बारा महिने ओली भिंत होती.

त्यातून निघालं गुलाबी पत्रक. त्यावर बारा प्रश्न. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे. पायऱ्या किती, पाणी कुठून आणता, दिवसा घरी कोण असतं, वीज जाते का आणि किती वेळ, इथं यायला वाहन कोणतं. पत्रकं दर शनिवारी मॅडमच्या टेबलावर जात आणि सोमवारी त्यांवर कामं निघत. साखरेची तपासणी पाळी सुटल्यावर होऊ लागली. बस फाटकाशी थांबू लागली. ज्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन दिलंय आणि ज्यांच्याकडे वीज जाते, अशांकडे एक भरलेला सिलिंडर आधीच पोचू लागला, आणि त्यांची यादी वीज कार्यालयातही जाऊ लागली. महिन्याभरात परत येणारे शंभरात बावीस होते, ते सोळावर आले.

काकांना सुरुवातीला हे सगळं डोक्याला ताप वाटलं. समोर रांग, रांगेत कंटाळलेले नातेवाईक, आणि एकेकाला बारा प्रश्न! तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. पत्ता वाचायचा, ते घर डोळ्यांपुढं आणायचं आणि बाराही रकाने आपणच भरून टाकायचे. आपल्याला माहीतच आहे तर विचारायचं कशाला? दोन मिनिटांत पत्रक तयार. रांग खूश, काका खूश. मागच्या बैठकीत तर मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काकांच्या पत्रकात एकही रकाना रिकामा नसतो. बघा आणि शिका." त्या दिवशी काका वीतभर उंच होऊन घरी गेले.

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी साडेनऊला एक लाइनमन खिडकीशी आला. कमरेला पक्कड, खांद्यावर दोराचं वेटोळं. मेव्हण्याचे डिस्चार्जचे कागद न्यायला आला होता; मेव्हणा मागच्या बाकावर बसला होता.

"काका, जरा हात उचला. दहाला गिरणीमागची लाइन बंद होणार आहे. ट्रान्सफॉर्मर बदलायचाय."

"किती वेळ?"

"चारपर्यंत. म्हणजे आमचे चार हं, घड्याळाचे नव्हेत."

काका हसले. गादीवर शिक्का दाबला, उचलला आणि त्यांचा हात वरच राहिला.

गिरणीमागची लेन. मागच्या गुरुवारी एक बाई तिथं घरी गेली होती. आयुष्यभर शिलाईच्या कारखान्यात काजं करून छातीत कापसाची धूळ साठलेली, ओठ जांभळट, बरोबर ऑक्सिजनचं मशीन आणि सून. बाईनं गजांखालच्या फटीत बोटं घातली होती. धापा टाकत म्हणाली होती, "साहेब... आमच्याकडे..."

"आजी, घर माहीत आहे मला," काका म्हणाले होते. "अठरा नंबर म्हणजे लाकूडवाल्याचा बंगला. चला, पुढचा."

बोटं क्षणभर फटीतच राहिली आणि मग मागे गेली होती.

काकांनी लाइनमनच्या कागदावर शिक्का मारला. तो वाकडा उठला. त्यांनी तो तसाच दिला. लाइनमननं कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. "बरं नाही का?"

काका तोवर उठून मागच्या कपाटातून, मॅडमकडून परत आलेला गुरुवारचा गठ्ठा काढत होते. गुलाबी पत्रक सापडलं. त्यांच्याच सुंदर, गोलसर अक्षरात लिहिलेलं. पायऱ्या: चार. दिवसा घरी कोण: सून. वीज जाते का: नाही. पत्त्यात अठरा, मग एक तिरकी रेघ, मग चौदा. रेघेनंतरचा आकडा म्हणजे कुठल्या तरी कारकुनाचा फाइल नंबर, असं तेव्हा त्यांनी धरून चाललं होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या फायलींवर ते तसेच असत. आता त्या चौदावर बोट ठेवून त्यांनी पत्ता पुन्हा वाचला.

आणि सून? सून तर खिडकीशी म्हणाली होती, "माझा फोन साडेआठला कारखान्याच्या गेटवर जमा होतो, संध्याकाळी मिळतो." हे काकांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं. ऐकून 'दिवसा घरी कोण' या रकान्यात 'सून' असं लिहिलं होतं, कारण ती समोर उभी होती.

"अहो, ती लाइन थोडी पुढं ढकलता येईल का?" काकांनी गजांतून हाक मारली.

लाइनमन वळला. "माझ्या हातात ही एवढी पक्कड आहे, काका. स्विच मोठ्या स्टेशनात. का हो?"

"कुणी मशीनवर असेल तर..."

"मग यादीत नाव असायला हवं. तुमच्याकडूनच येते की यादी. मागच्या महिन्यात एक अख्खी गल्ली आम्ही तुमच्या यादीवरून सोडली होती." त्यानं मेव्हण्याचा हात धरला. "या वेळी यादी कोरी होती."

काकांनी तरीही सुनेचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. घड्याळात नऊ चाळीस. रुग्णवाहिकेच्या टेबलाशी विचारलं; तिन्ही गाड्या बाहेर, पहिली परतायला तास लागेल. मॅडम वरच्या मजल्यावर बैठकीत, दार बंद.

ते पुन्हा टेबलाशी आले. समोर पत्रक, हातात पेन. 'नाही' हा शब्द. एक काट मारली, वर 'होय' लिहिलं, की स्टोअरमधून सिलिंडर नियमानं मिळणार होता आणि कुणाला काही कळणार नव्हतं. सगळ्या नोकरीतली पहिली खाडाखोड. काकांनी पेन टेकवलं. ते तिथंच टेकून राहिलं आणि 'नाही'च्या शेजारी शाईचा एक ठिपका पडला. त्या ठिपक्याकडे ते बघत राहिले, आणि एकदम लक्षात आलं की आपण एका कागदाची काळजी करत बसलोय आणि घड्याळ पावणेदहावर आलंय. पत्रक खिशात कोंबून ते स्टोअरकडे जवळजवळ पळतच गेले.

स्टोअरकीपर त्यांच्याच वयाचा, जुना मित्र. "सिलिंडर? मॅडमची सही?"

"नंतर आणतो."

"अरे वा! सहीशिवाय पान हलू देत नाही म्हणणारे शिक्केकाका आज..." तो बोलता बोलता थांबला. काकांचं तोंड कागदासारखं पांढरं झालं होतं. "काय झालं रे?"

काकांनी रजिस्टर ओढलं, 'कुणाच्या जबाबदारीवर' या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली. स्टोअरकीपरनं एक लहान सिलिंडर काढला, काटा बघितला, नळी आणि चावी दोरीनं त्याच्या गळ्यात बांधली. लहान म्हटलं तरी काकांना तो दोन पावलंही उचलवेना.

स्टोअरसमोरच्या आवारात फक्त धुलाईची गाडी उभी होती. मळक्या चादरींच्या गाठोड्यांनी ठासून भरलेली. तिचा ड्रायव्हर पंचेचाळिशीचा, आडव्या बांध्याचा आणि फाटक्या तोंडाचा माणूस. त्यानं सिलिंडर बगलेत मारला. "काका, तुम्ही खिडकीबाहेर! मला वाटायचं तुम्हाला पाय नाहीतच, खुर्चीवरच उगवलाय."

"गिरणीमागची लेन. लवकर चल बाबा."

"कोण आहे तिथं?"

काकांनी सांगितलं. सगळं नाही. एक बाई आहे, मशीनवर आहे, वीज जाणार आहे. ड्रायव्हरनं मग थट्टा केली नाही. चौकात दोन सिग्नल तोडले. तिसऱ्याशी गाडी अडकली, तेव्हा दहाला पाच कमी होते. पुढं एक ट्रक आडवा लागला होता. काका आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते आणि स्वतःचाच श्वास मोजत होते. एक, दोन, तीन. मशीन बंद पडल्यावर माणूस किती वेळ तगतो? रुग्णालयात एकतीस वर्षं काढली, आणि एवढंही माहीत नाही. शेजारून रस्ता ओलांडणाऱ्या एका म्हातारीला खोकला आला, तर काका दचकले.

दहा वाजले. काहीच झालं नाही. मग रस्त्याकडेच्या एका दुकानातला पंखा मंदावत मंदावत थांबला.

लेनच्या तोंडाशी रस्ता खणलेला होता. गाडी आत जाईना. ड्रायव्हरनं सिलिंडर खांद्यावर घेतला आणि दोघं मातीच्या ढिगांवरून चालू लागले. काकांच्या डोक्यातल्या नकाशात इथं डावीकडे एक विहीर होती, मग चिंच, मग लाकूडवाल्याचा दुमजली बंगला. पुढं चार रुंद पायऱ्या, पितळी कठडा, दारात झोपाळू कुत्रं. विहीर दिसली नाही. चिंच नव्हती. घरं एकमेकांच्या अंगावर चढलेली, मध्ये वायरींचं जाळं.

"अठरा नंबर कुठं?" काकांनी एकाला विचारलं.

"हा काय समोर."

समोर जे होतं ते बंगला नव्हतं. बंगल्याच्या चार बाजूंनी खोल्या चिकटवल्या होत्या, वर आणखी दोन मजले चढवले होते. पितळी कठड्याच्या जागी पाण्याचे निळे पिंप. जिन्याखाली विजेच्या मीटरची रांग, आणि प्रत्येकावर रंगानं लिहिलेलं: अठरा तिरकी रेघ एक, अठरा तिरकी रेघ सात, अठरा तिरकी रेघ अकरा. एकोणीस मीटर. सगळी चाकं थांबलेली.

"चौदा?" काकांनी विचारलं. "चौदा नंबर कुठला हो?"

कपडे धूत बसलेल्या एका बाईनं मान वर केली. "नंबरांचं इथं काही खरं नाही. जशी खोली भाड्यानं गेली तसा नंबर पडला. चौदा म्हणजे... काजंवाली ना? वर. अगदी वर, पत्र्यात."

"वर कुणी आहे का तिच्याजवळ?"

"या वेळेला कोण असणार? सगळी कामाला गेलेली."

काका जिना चढू लागले. जिना अंधारा, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दुसऱ्या मजल्यावर ते भिंतीला टेकले. मागून ड्रायव्हर सिलिंडरसह धापा टाकत होता. तेवढ्यात वरून आवाज आला. बारीक, एकसुरी. टी... टी... टी.

"मशीनचा भोंगा आहे," ड्रायव्हर म्हणाला. "वीज गेली की बोंबलतं ते. वॉर्डात ऐकलाय मी."

त्या आवाजाच्या दोरीला धरूनच जणू काका वर ओढले गेले. तिसरा मजला. टी... टी. इथं पक्क्या पायऱ्या संपल्या, पुढं लोखंडी शिडी, छपराच्या चौकोनातून आकाशाचा तुकडा. काकांनी शिडीला हात घातला. टी...

आवाज थांबला.

काका शिडीवर तसेच थिजले. खालून गल्लीतला गलका येत होता, वरून काहीच नाही. त्यांना वाटलं, आता वर जाऊ नये. डोकं वर काढलं की जे दिसेल ते उरलेल्या सगळ्या आयुष्यात पुसता येणार नाही. खाली जावं, गाडीत बसावं, खिडकीत जाऊन बसावं. बोटं लोखंडाला घट्ट चिकटली होती.

"काका, चढा की!" खालून ड्रायव्हर ओरडला. "माझा खांदा चाललाय!"

काका चढले.

पत्र्याची एक खोली. दार उघडं. आत भट्टीसारखी धग. खाटेवर चुरगळलेली चादर, आणि खाट रिकामी. कोपऱ्यात मशीन, त्याचे दिवे विझलेले, भोंग्याची बॅटरीही संपलेली. मशीनपासून निघालेली नळी जमिनीवरून सरपटत दाराबाहेर गेली होती. काका नळीच्या मागे गेले. पाच पावलांवर पाण्याची सिमेंटची टाकी, तिची हातभर सावली, आणि त्या सावलीत टाकीला डोकं टेकवून बसलेली बाई. डोळे मिटलेले. नखं शाईच्या गादीसारखी निळी.

"आजी!" काका ओरडले. "आजी!"

छाती हलली की हलल्यासारखी वाटली, ते काकांना कळेना. ड्रायव्हरनं सिलिंडर आणून आपटला. काकांनी चावी हातात घेतली आणि त्यांना कळलं की ती कशी लावतात ते आपल्याला माहीत नाही. घामानं चावी निसटून पडली.

"द्या इकडं." ड्रायव्हरनं चावी लावली. "चादरींबरोबर वॉर्डात हेही मीच पोचवतो, आठवड्याला पन्नास." झडप फिरली, फुस्स असा आवाज आला. त्यानं नळी जोडली आणि काट्याचा खटका सरळ शेवटपर्यंत नेऊ लागला. "भरपूर सोडू या, पटकन शुद्धीवर येईल."

"नाही!" काका एवढ्या जोरात ओरडले की ड्रायव्हरचा हात थांबला. "दोन! दोनच लिटर. डिस्चार्जच्या कागदावर दोन लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, जास्त दिलं तर हिचा श्वासच मंदावेल म्हणून. मी लिहून घेतलंय ते."

"नक्की?"

"शिक्का मारलाय मी त्यावर!"

ड्रायव्हरनं काटा दोनवर आणला. काकांनी नळी बाईच्या नाकाशी लावली आणि तिचं डोकं आपल्या हातावर घेतलं. केस घामानं चिंब. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. काकांना आपला हात बधिर झालेला जाणवत होता, पण हलवायची छाती होत नव्हती. काहीच बदलत नव्हतं. ड्रायव्हर रुग्णवाहिकेला फोन लावत होता, कुणाला तरी शिव्या देत होता. काकांनी निरोप्या असताना कुणाच्या दारात वाईट चिठ्ठी द्यायची वेळ आली की मनातल्या मनात पाढे म्हणायची सवय लावून घेतली होती. आता ते सतराचा पाढा म्हणत होते आणि एकशे दोनवर येऊन पुन्हा पुन्हा अडकत होते.

मग नखांच्या कडा थोड्या बदलल्यासारख्या वाटल्या. बाईनं एक मोठा, फाटका श्वास घेतला. आणखी एक. डोळे किलकिले झाले. ती कितीतरी वेळ काकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही... खिडकीतले," ती म्हणाली.

"हो."

"घर माहीत होतं ना... तुम्हाला?"

काकांनी मान खाली घातली. बाईनं पुन्हा डोळे मिटले, आणि आता छाती संथपणे वरखाली होताना दिसत होती.

रुग्णवाहिका आली ती पाऊण तासानं. आत एक परिचारिका होती. तिनं बोटाला चिमटा लावून बघितलं, छाती ऐकली आणि फोनवरून मॅडमना आकडे सांगितले. मग फोन काकांकडे दिला.

"काका, दोनवर ठेवलंत ते बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "आत्ता त्यांना त्या शिडीवरून उतरवणं नको. वीज येईपर्यंत पुरेल एवढा दुसरा सिलिंडर गाडीत आहे, परिचारिका थांबेल. पण मला एक कळत नाही. पत्रकात वीज जात नाही असं का सांगितलं त्यांनी?"

ड्रायव्हर ऐकत होता. परिचारिका ऐकत होती. टाकीशी टेकलेली बाईही ऐकत होती.

"त्यांनी नाही सांगितलं," काका म्हणाले. "मी लिहिलं. विचारलंच नाही."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"अशी किती पत्रकं?"

"माझी सगळीच."

"सगळी म्हणजे?"

"तीनशे चाळीस. त्यांत घरी मशीन असलेली आणखी सहा."

"त्या सहा घरी वीज किती वेळ असते?"

"माहीत नाही," काका म्हणाले. हा शब्द तोंडातून बाहेर पडताना जड गेला. "पत्ते सांगतो. घरं मला माहीत नाहीत."

त्यांनी सहाही पत्ते आठवून, तिरक्या रेघेनंतरच्या आकड्यांसकट सांगितले. मॅडमनी एकेक परत म्हणून घेतला. रागावल्या नाहीत, आणि त्याचीच काकांना जास्त भीती वाटली. "सहा ठिकाणी सहा माणसं आत्ता जातील," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथंच थांबा. बाकीचं उद्या माझ्यासमोर बसून बोलू."

दुपार कलेपर्यंत काका एका उपड्या बादलीवर बसून होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. दर आवाजाला ते सिलिंडरच्या काट्याकडे बघत. ड्रायव्हरचा फोन वाजला की ते बादलीवरून अर्धे उठत. पहिलं घर: बाई ठीक, वीज आहे. दुसरं, तिसरं: ठीक. चौथ्या घरी वीज रोज तीन तास जाते, शेजाऱ्याच्या दुकानातून वायर ओढून भागवतात; सिलिंडर ठेवला. पाचवं ठीक. सहाव्याचा फोन येईना. काका उठले, बसले, पुन्हा उठले.

"बसा हो," टाकीशी टेकलेली बाई म्हणाली. आवाज आता बराच मोकळा झाला होता. "तुमच्याकडे बघूनच मला धाप लागते."

"आजी, त्या सहाव्या घरी..."

"आणि आजी कुणाला म्हणता? चार वर्षांनी मोठी असेन फार तर. केस पिकले म्हणून आजी?"

परिचारिका हसली. काकांना हसू आलं नाही. "चुकलो, ताई."

तीनला सहाव्याचा फोन आला. म्हातारा जिवंत होता, जागा होता, आणि दोन दिवसांपूर्वीच घर बदलून मुलीकडे राहायला गेला होता. म्हणून शोधायला वेळ लागला. काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून चुरगळलेलं गुलाबी पत्रक काढलं, मांडीवर सरळ केलं. मग ते उलटं करून कोऱ्या बाजूवर एक ते बारा आकडे घातले.

"ताई, विचारू का आता?"

"विचारा. कुठं जायचंय मला?"

"वीज जाते का?"

"रोज. कधी अर्धा तास, कधी दोन तास. परवा गेली तेव्हा गप्प पडून राहिले. आज उकाड्यानं राहवेना, म्हणून सावलीला सरकले आणि पुढचं काही आठवत नाही."

काकांनी लिहिलं. "दिवसा घरी कोण असतं?"

"कबुतरं."

काकांनी पेन उचललं, थांबले, आणि 'कुणी नाही' असं लिहिलं.

"पायऱ्या किती?"

"कुणाला ठाऊक! मला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. चढतानाच श्वास संपतो, मोजायला कुठला उरणार?" ती थोडी थांबली. "तुम्ही मोजा की. तुम्हाला काय, पाय आहेत."

काका उठले. परिचारिकेला म्हणाले, "काट्यावर लक्ष ठेवा हं." शिडीनं उतरले, अंधाऱ्या जिन्यानं तळाला गेले, थांबलेल्या एकोणीस मीटरपाशी उभे राहिले आणि वळले. मग भिंतीला हात लावत पहिल्या पायरीपासून मोजायला लागले. दुसऱ्या मजल्यावर सव्वीस झाल्या. तिसऱ्यापाशी एकेचाळीस. तिथं सकाळच्याच जागी त्यांचे पाय थांबले. वरून काहीच आवाज येत नव्हता. आकडा डोक्यातून निसटू लागला. त्यांनी श्वास रोखून कान दिला.

वर ताई खोकल्या, आणि परिचारिकेला काहीतरी तोडून बोलल्या.

"एकेचाळीस," काका स्वतःशी पुटपुटले, आणि शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला. "बेचाळीस."